बिनदाराची भिंत

मिरजेच्या एका दवाखान्यात, खालच्या मजल्यावरच्या खिडकीत, कागदावरची नजर न काढता एका बाईंनी मला विचारलं, "पेशंटचं नाव?" वर तिसऱ्या मजल्यावर माझ्या बायकोनं अर्ध्या तासापूर्वी प्राण सोडला होता. जिना उतरून मी खाली कसा आलो ते मला आजही आठवत नाही. बाईंनी परत विचारलं. मी म्हणालो, "सुमन." मग माझं नाव, आडनाव, गाव, वय सांगितलं. त्यांनी मृत्यूच्या नोंदीच्या कागदावर लिहिलं, मी खाली सही ठोकली, आणि तिथंच माझ्या हातून घात झाला. सतरा वर्षं ती मला एकच गोष्ट पढवत होती. "आवं, कुटंबी माझं नाव लिवायची येळ आली तर दोनी नावं सांगत जावा. सुमन ऊर्फ हिरा. निस्तं सुमन सांगू नगा." रेशनकार्डाला, मतदार यादीला, बँकेत, जिथं तिथं ती स्वतः खिडकीशी उभी राहून लिहिणाऱ्याच्या बोटांकडे बघत राहायची. ज्या एका कागदाला तिला उभं राहता येणार नव्हतं, तेवढ्या एकाच कागदाला मी विसरलो.

तिला जाऊन आता तीन महिने होत आले. मी गवंडी माणूस. शिक्षण चौथी. गाव औंधच्या बाजूला, सातारा जिल्ह्यात. तिचं माहेर पलूसकडं, म्हणजे सांगली जिल्हा. रविवारच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसावर लिहितात ते मी वाचतो. सगळे चांगलं चांगलं लिहितात. मला माझी चूक लिहायची आहे. शुद्धलेखन पेपरवाल्यांनी बघून घ्यावं, बाकीचं आहे तसं छापावं.

चूक खरं तर लग्नापासूनची आहे. ती माझ्या घरी आली तेव्हा तिचं नाव हिरा. आमच्या घरात थोरल्या वहिनीचं नावही हिराच. आई म्हणाली, "एका घरात दोन हिरा न्हाई चालायच्या. हाक मारली की दोघी उठून येतील. हिचं सुमन करूया." ताटात तांदूळ पसरले आणि मला नाव लिहायला बसवलं. अंगठी नव्हती, मी बोटानंच लिहिलं. चौथी पास माणूस, 'सु'चा उकार उलटा काढला, सगळ्या बायका हसल्या. ती ताटाकडे बघत होती. रात्री मी विचारलं, आवडलं का नाव? म्हणाली, "बरं हाय की. तुमी लिवलंय म्हंजे माझंच." झालं. त्यानंतर ती सुमन झाली. पण पलूसच्या स्टँडवर उतरली की परत हिरा. आई-बापाची हिरा, भावाची हिराक्का. येताना गाडीत बसली की सुमन. आमच्याकडच्या सगळ्याच बायका चाळीस-चाळीस वर्षं अशा दोन नावांनी नांदतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सरकारला वाटतं, हे आम्हाला माहीत नव्हतं.

तिचा बाप वारला. त्यानंतर काही महिन्यांनी ती माहेरी गेली होती. आईच्या कसल्यातरी दाखल्यासाठी भावाबरोबर तलाठ्याकडे गेली आणि टेबलावर पडलेला कागद तिनं वाचला. तीही चौथी शिकलेली, पण माझ्यापेक्षा चांगलं वाचायची. बापाच्या वारसांची यादी होती. पत्नी एक, मुलगा एक, मुलगी नाही. भावानं, म्हणजे बाळूनं, तसं लिहून दिलं होतं. गावातल्या शहाण्यांनी त्याच्या कानात भरवलं होतं, की बहिणीचं नाव लागलं तर जन्मभर तिच्या सहीसाठी हात जोडत फिरावं लागेल. ती घरी आली, चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "माझ्या बापाला मुलगी न्हाई म्हणं." मी तोंडाचा फटकळ. म्हणालो, "मग आता तुला काय जमीन पायजे काय?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, घोटभर पाणी प्यावं आणि बाहेर जावं. म्हणाली, "जमीन बाळू पिकवंल. मला त्यातला दाणा नगो. हक्कसोड पत्राला सही द्यायला मी आज तयार हाय. पण आदी नाव तर लावा! नसलेलं नाव मी सोडू कसं?"

एवढंच मागणं होतं. पुढची सतरा वर्षं त्यात गेली.

बाळूला ती घरी जाऊन हेच म्हणाली. तो खाली मान घालून बसला. त्याच्या बायकोनं चहा केला आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "आदी नाव लावायचं आन् मग सोडायचं, आसलं कुणी करतं का वन्सं?" मग तिनं तलाठ्याकडे तक्रार दिली. तिथून मंडल अधिकारी, ज्याला आम्ही सर्कल म्हणतो. सर्कल म्हणाला, शाळेच्या दाखल्यावर हिरा, आधारकार्डावर सुमन, या दोन बायका एकच कशावरून? मी म्हणालो, मी नवरा आहे, मी सांगतो. तो हसला. म्हणाला, "काका, नवरा सांगतो म्हणून सरकार चालत नाही." लग्नाचा पुरावा साताऱ्याकडचा, जन्माचा सांगलीकडचा. सातारा म्हणायचा सांगलीला विचारा, सांगली म्हणायची साताऱ्याचं पत्र आणा. तिथून तहसीलदार, त्याच्यावर प्रांत. प्रांतांनी साडेतीन वर्षांनी निकाल दिला, की फेरफार नोंद हा नुसता महसुली कागद आहे, कोण कुणाची मुलगी हे ठरवायचं काम दिवाणी कोर्टाचं, तिकडे जा. म्हणून कोर्टात दावा घातला. कोर्टात बाळूच्या वकिलानं सांगितलं, आधी दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा कचेरीचा दाखला दाखवा. ती परत कचेरीत गेली. कचेरी म्हणाली, मावशी, प्रकरण कोर्टात आहे, आता आम्हाला त्याला हात लावता येत नाही.

आता त्या भिंतीचं सांगतो. तालुक्याचं नाव लिहीत नाही. तिथं तहसील कचेरी आणि कोर्ट शेजारी शेजारी आहेत आणि मध्ये दगडी भिंत आहे, पुरुषभर उंच. ती भिंत मी बांधली आहे. लग्नानंतर सात-आठ वर्षांनी एका कंत्राटदाराकडे मी कामाला होतो, तेव्हा ते काम आलं. कचेरीच्या अंगाला भिंतीच्या बुडाशी बसायला कट्टाही मीच काढला. साहेब म्हणाले, दार ठेवू नका, दोन्हीकडची माणसं मिसळतात. मी नाही ठेवलं. मला काय, मजुरी मिळाल्याशी मतलब. पुढं माझीच बायको कचेरीतून कोर्टात आणि कोर्टातून कचेरीत जायला त्या भिंतीला वळसा घालून, रस्त्यावरून, रसवंतीच्या गाड्यापुढून फिरत राहिली. तिनं पावलं मोजली होती. तीनशे चाळीस. शेवटी शेवटी गुडघे गेले तेव्हा पावलं वाढली, म्हणायची, "आता चारशे पडत्यात." आणि मला टोमणा ठरलेला. "भित बांधली ती बांधली, एक दार ठिवलं आसतं तर हात मोडला आसता का तुमचा?" मी म्हणायचो, "तुझा बाप मुलगी इसरंल हे मला काय ठावं?" "बाप न्हाई इसरला. भाऊ इसरला. बापाचं नाव घिऊ नगा." आणि मग दोघंही हसायचो. तेव्हा हसू यायचं.

त्या कट्ट्यावर तिची एक जागा ठरलेली होती, कडुनिंबाची सावली दुपारपर्यंत टिकते तिथं. भिंतीला डोकं टेकून, पायाशी कागदांची पिवळी पिशवी ठेवून बसायची. नवीन आलेल्या बायका तिला विचारायच्या, कारण साहेबांना विचारलं तर साहेब चिडायचे. ती समजावून सांगायची. तलाठी लिहितो, सर्कल खरं करतो, तक्रार असली तर तहसीलदार ऐकतो, न पटलं तर प्रांत, त्याच्यावर जिल्हा, त्याच्यावर पुण्याचे आयुक्त, त्याच्यावर मुंबईला मंत्री. "ही समदी एकाच घरातली माणसं. वरच्याचा फोन आला की खालचा उटून हुबा ऱ्हातो. आन् भितीपल्याडचं घर येगळं. तितं मंत्र्याचा फोन चालत न्हाई. पर तितल्या मान्सालाबी ह्या घरातला कागुद लागतोच." एकदा एक वकीलसाहेब उभे राहून ऐकत होते. म्हणाले, मावशी, मला कॉलेजात दोन वर्षांत हे कळलं नव्हतं. ती लाजली. घरी येईपर्यंत चारदा मला सांगितलं.

सगळे साहेब वाईट होते असं मी म्हणणार नाही. तिनं कधी म्हटलं नाही, तर मी कसं म्हणू. निवडणूक आली की सगळी कचेरी निवडणुकीला. कृष्णेला पूर आला की पंचनाम्याला. तिच्या तारखेला साहेब जागेवर नसायचे, आणि ती म्हणायची, "लोकांची घरं पाण्यात हायती, माझं नाव काय बुडतंय व्हय." एक तहसीलदारबाई आल्या होत्या, वयानं आमच्या मुलापेक्षाही लहान. त्यांनी हिला खुर्ची दिली. सगळी पिशवी रिकामी करून एक एक कागद वाचला, गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. कोर्टात दावा असला तरी ओळखीचा दाखला मी देऊ शकते म्हणाल्या. "मावशी, सोमवारी या, सही करून ठेवते." ती रविवारी न्हाली, धुवट लुगडं काढून ठेवलं. सोमवारी गेलो तर दारावर दुसऱ्याच नावाची पाटी. बदलीचा हुकूम शनिवारीच आला होता. नवीन साहेबांनी तो टाइप केलेला कागद बघितला आणि म्हणाले, यावर सही नाही, हा कागदच नाही. त्या दिवशी ती कट्ट्यावर बसली ती उठेना. मी म्हणालो, "चल, गाडी जाईल." म्हणाली, "जाऊ द्या. जरा बसू द्या मला. सईच ऱ्हायली हो निस्ती..."

त्यानंतर ती खंगत गेली. डॉक्टर म्हणतात मूत्रपिंडं निकामी झाली होती. असतील. मिरजेच्या वाऱ्या सुरू झाल्या, आठवड्यातून दोनदा मशीनवर. तिथंही पिवळी पिशवी उशाला. मुलगा फौजेत आहे. रजेवर आला की म्हणायचा, "आई, सोड की आता. कुणाला दाखवायचंय?" ती म्हणायची, "तू सरहद्दीवर कुणाच्या जमिनीसाठी हुबा ऱ्हातोस रं? तुला त्यातला दाणा मिळतो का?" शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं. एका दुपारी मला जवळ बोलावलं, मला वाटलं पाणी मागते आहे. म्हणाली, "फुडची तारीक मंगळवार हाय. मी न्हाई आले तर वकिलाला सांगा, आजारी हाय म्हणून. आली न्हाई आसं नगा लिवू दिऊ." मंगळवार यायच्या आत ती गेली.

आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की माहेरची साडी आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. बाळूला निरोप गेला होता. दुपारचा एक वाजला, लोक उन्हात उभे, कुणी म्हणालं आता तो येत नाही, चुलतभावाकडून साडी घेऊन उरका. मी म्हणालो, थांबा. मला तिच्यासाठी थांबायचं होतं, त्याच्यासाठी नाही. दीडला तो आला, एकटा, फटफटीवरून, छातीशी पिशवी धरून. हिरवी साडी. तिच्या अंगावर घातली, नीट केली, आणि पायांवर कोसळला. "हिराक्का! हिराक्का गं! मला टाकून चाललीस गं हिराक्का!" अख्ख्या गल्लीनं ऐकलं. सरपंच होता, पोलीस पाटील होता, शेपन्नास माणूस होतं. ह्याच माणसानं कोर्टात कैफियत दिली आहे, वादी सुमन हिला प्रतिवादी ओळखत नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. सतरा वर्षं ज्या एका हाकेसाठी ती फिरली ती हाक त्यानं मारली, आणि ऐकायला ती नव्हती. मी असा माणूस आहे की कुणाचं ऐकून घेत नाही. पण त्या वेळी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. लोकांना वाटलं, म्हातारा दुःखानं गप्प आहे. मी रागानं गप्प होतो. का दुःखानं, मलाही सांगता यायचं नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या मोबाईलवर कोर्टाचा मेसेज आला. तिच्या दाव्याची पुढची तारीख. मी वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, वादी मयत झाली तर नव्वद दिवसांत वारसांची नावं लावावी लागतात, नाहीतर दावा आपोआप संपतो. मृत्यूचा दाखला आणा. मी नेला. त्यांनी बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आबा, ह्यात फक्त सुमन आहे." मी म्हणालो, व्हय. "दावा 'हिरा ऊर्फ सुमन' असा आहे. ते म्हणणार, सुमन वारली, हिरा वारल्याचा पुरावा कुठाय?" मी मिरजेला नोंदीच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब चांगले बोलले, पाणी दिलं. म्हणाले, दाखल्यात दुसरं नाव घालायचं तर दोन्ही बायका एकच असल्याचा कोर्टाचा हुकूम आणा. मी म्हणालो, साहेब, त्या हुकमासाठीच ती सतरा वर्षं भांडत होती. ते म्हणाले, मग तो आला की या.

जिवंत होती तोवर ती एक आहे हे पटत नव्हतं. आता मेली तर एकच मेली म्हणतात. सुमनला मी अग्नी दिलेला आहे. हिरा कागदावर अजून जिवंत आहे, आणि मला स्टॅम्पपेपरवर शपथेनं लिहून द्यायचं होतं की तीही मेली. वकिलांनी मजकूर टाइप करून दिला. मी तो कागद नऊ दिवस घरात ठेवला. रोज काढायचो, रोज घडी घालायचो. मुलगा फोनवर म्हणाला, "आबा, नका करू सही. जाऊ द्या दावा. निदान कुठंतरी आई असू दे." मला ते पटत होतं, अगदी आतून पटत होतं. पण ती मला म्हणाली असती, "तुमीच नाव पुसलं व्हय?" तांदळात नाव लिहून हिरा पुसणारा मीच पहिला. दवाखान्यात पुसणाराही मीच. तिसऱ्यांदा मी पुसणार नव्हतो. दहाव्या दिवशी सही केली.

गेल्या आठवड्यात तारीख होती. वकिलांनी बजावलं होतं, आबा, तुम्ही बोलायचं नाही, मी बोलतो. शिपायानं दारात येऊन पुकारलं, तिचं पूर्ण नाव, आधी बापाचं लावून हिरा, मग माझं लावून सुमन. ती असायची तेव्हा पुकारा झाला की पदर सारखा करून, गुडघ्यावर हात देऊन उठायची आणि "हाय, हाय मी" म्हणायची. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. मला राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हाय." सगळे वळले. न्यायाधीशसाहेबांनी विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, "नवरा." "वादी कुठे आहेत?" वकील मध्ये काही बोलायला गेले, साहेबांनी हात केला. मी म्हणालो, "साहेब, गेली. दोघी गेल्या. एकाच दिशी, एकाच खाटंवर. मी दोघींच्या उशाला हुतो."

बाळू मागच्या बाकावर होता. साहेबांनी चष्म्यातून त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या वकिलाकडे. तो वकील उठला आणि म्हणाला, वारस अर्जाला आमची हरकत आहे, हिरा हिच्या मृत्यूचा पुरावा नाही. साहेबांनी खाली बघून लिहिलं, हरकत लेखी द्या, आणि पुढची तारीख दिली. आवाज नरम होता त्यांचा. पण तारीखच दिली.

बाहेर बाळू भिंतीजवळ उभा होता. म्हणाला, "दाजी, काय खाल्लंसा का?" मी म्हणालो, "साडी कुणाला आणलीस रं त्या दिवशी? वळख नसलेल्या बाईला?" त्याचे ओठ हलले. म्हणाला, "वकिलानं सांगितलंय, दाजी, काय बोलायचं न्हाई..." आणि डोळे पुसत गाडीकडे गेला. त्याला साक्षीला बोलवा असं मी आमच्या वकिलांना सांगितलं आहे. ते म्हणाले, बोलवू. तो तिथं खरं बोलेल का, मला सांगता येत नाही. मी बहात्तरचा आहे. तारखा कुठवर जातील आणि मी कुठवर, तेही सांगता येत नाही.

मग मी वळसा घालून कचेरीच्या अंगाला आलो. पावलं मोजली, माझी तीनशे दहा भरली. कट्ट्यावर तिच्या जागेवर जाऊन बसलो. तिथं भिंतीवर, डोकं टेकतं त्या उंचीला, तेलाचा एक डाग आहे. ताटाएवढा. दर वर्षी झेंडावंदनाच्या आधी कचेरीला चुना मारतात, यंदाही मारलेला होता, आणि यंदाही तो डाग पांढऱ्यातून वर आला होता. मी गवंडी आहे. तेल मुरलेल्या दगडावर चुना धरत नाही, किती हात मारा. कचेरीत तिची एवढीच एक नोंद झाली, तीही बिननावाची. मी टोपी काढली आणि तिथं डोकं टेकून बसलो... शिपाई येऊन म्हणाला, आजोबा, कचेरी बंद झाली.